कुत्र्याचं लाईफ जॅकेट: हँडल उत्तम, बक्कल भिकार (दिवाळी ते पावसाळा वापरून)

चिंगीच्या जॅकेटचं पोटाखालचं मागचं बक्कल एप्रिलमध्ये तापोळ्याला तुटलं. त्यानंतर कंपनीशी इतक्या ईमेल झाल्या आणि हाती काहीच लागलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. जॅकेट नेहमीसारखंच: नारिंगी रंग, आत फोम, गळ्याखाली तरंगणारा पट्टा, पाठीवर एक हँडल, पोटाखाली दोन पट्टे. माप एम, किंमत १,८९९ रुपये. चिंगी देशी कुत्री, १८ किलोची. नदीकाठी तंबू ठोकला की आम्हा चौघांबरोबर तीही होडीत असते.

आधी हँडल. दिवाळीत घेतलं तेव्हा मी फोमची जाडी बघत होते, हँडलकडे लक्षही दिलं नव्हतं. ते महत्त्वाचं आहे हे कोलाडला कळलं. तिथे कुंडलिकेला पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली उतरून टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत येतं. सकाळी ते सुटलं की राफ्टिंगवाले निघतात. त्या खळाळात कुत्र्याला न्यायचा प्रश्नच नाही, जॅकेट कितीही भारी असो. आम्ही खालच्या अंगाला, पाणी संथ असतं त्या पट्ट्यात दुपारी कयाक घेतो. मुलगा आणि नवरा वल्हवत होते, चिंगी मध्ये बसली होती. काठावरून बगळा उडाला आणि हिने सरळ उडी मारली.

चिंगी पोहते छान. पण पोहता येणाऱ्या कुत्र्यालाही पाण्यातून होडीत चढता येत नाही. नखं गुळगुळीत प्लॅस्टिकवरून घसरतात, मागच्या पायांना रेटायला काही नसतं, आणि तीन-चारदा धडपडल्यावर दम लागतो. आपण दोन्ही हात घालून उचलायला वाकलो तर कयाकच कलंडते. नवऱ्याने बसल्या जागेवरून एका हाताने हँडल धरलं आणि तिला आत ओढून घेतलं. चिंगी अंग झटकून परत बगळ्याकडे बघायला लागली. मी काठावर मुलीचा हात घट्ट धरून उभी होते. त्या दिवशी १,८९९ रुपये वसूल झाले असं मी घरी सगळ्यांना सांगितलं.

मग हँडल नीट उलटून पालटून पाहिलं. काही जॅकेटांत ते फक्त वरच्या कापडाला शिवलेलं असतं. ओल्या कुत्र्याचं वजन त्या चार टाक्यांवर आलं की कापड फाटतं. आमच्यात हँडलची नायलॉन पट्टी तशीच खाली जाऊन पोटाचा पट्टा होते, मध्ये जोड नाही. म्हणजे उचलताना सगळं वजन पोटाभोवतीच्या अखंड पट्टीवर येतं. ज्याने हे डिझाइन केलं त्याला पाण्यातून कुत्रं कसं काढतात हे ठाऊक होतं. डिसेंबरात मी मैत्रिणींना बेधडक सांगत होते की डोळे मिटून घ्या.

पण अखंड पट्टी शेवटी कुठेतरी बंद करायलाच लागते, आणि तिथे यांनी पातळ, हलकं प्लॅस्टिकचं बक्कल लावलंय. पट्टी तीस किलो सहज पेलेल अशी आणि बक्कल शाळेच्या डब्याच्या पिशवीला असतं तसं. उचलताना जो ताण पट्टीवर येतो तोच बक्कलवर येतो, हे ध्यानात घेऊन जाड बक्कल घालायला कंपनीला किती जास्त पैसे पडले असते? त्यात ऊन लागून प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि खाचेत वाळू बसते. वाळू असली की ‘टक’ आवाज येतो, पण एक दात पुरता अडकलेला नसतो. त्यामुळे बक्कल लावल्यावर पट्टा ओढून बघायचाच, हे आता मुलांच्याही अंगवळणी पडलंय.

तापोळ्याला तेच झालं. कोयनेचा शिवसागर तिथे एवढा पसरलाय की समोरचा काठ लांबच लांब वाटतो. वासोट्याच्या बाजूला अभयारण्य आहे, तिकडे कुत्रं नेत नाहीत, म्हणून आम्ही तापोळ्याच्याच बाजूने होडी घेतली. होडीवाले म्हणाले, “वैनी, कुत्र्याला बी जाकीट? बरं केलंत. मधी पानी लई खोल हाय.” पाण्यावर काही झालं नाही. काठाला लागल्यावर मुलीने चिंगीला हँडल धरून उतरवलं आणि मागचं बक्कल कडकन तुटून एक दात चिखलात पडला. पुढच्या पट्ट्यावर चिंगी लोंबकळत राहिली, गळ्यावर ताण आला आणि ती केविलवाणी ओरडली. हेच पाण्याच्या मध्यात झालं असतं तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही. त्या मुक्कामात ती पुन्हा होडीत बसली नाही.

वॉरंटी सहा महिन्यांची, आम्ही मुदतीत होतो. कंपनीने आधी बिल मागितलं, मग फोटो, मग व्हिडिओ. शेवटी उत्तर आलं: हा उत्पादनातला दोष नाही, वापरताना झालेलं नुकसान आहे. कुत्र्याला उचलण्यासाठी दिलेलं हँडल धरून कुत्र्याला उचलणं हे नुकसान कसं होतं, हे मी तीनदा विचारलं. त्यावर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केली. नवीन जॅकेट नको, फक्त बक्कल विका, पैसे देते, असं लिहिलं. सुटे भाग विकत नाही म्हणे. एका बक्कलपायी धडधाकट जॅकेट फेकून द्यायचं हे मला पटत नाही, आणि ग्राहकाने ते गुपचूप मान्य करावं अशी अपेक्षा तर त्याहून नाही.

मेमध्ये बोहरी आळीत जाड बक्कलांची जोडी ४० रुपयांना मिळाली. आमच्याकडच्या बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांनी टाके उसवून दोन्ही बक्कलं बदलली, वर नायलॉनच्या दोऱ्याने चौकोनात फुली मारून शिवण घातली. मजुरी ८० रुपये. ते म्हणाले, “ताई, पट्टी एक नंबर आहे. पैसे बक्कलमध्ये वाचवलेत.” घरी आल्यावर २० किलो गव्हाच्या पोत्याला जॅकेट बांधलं आणि हँडल धरून गच्चीपर्यंत चढवलं. जराही सरकलं नाही. पाऊस सुरू होण्याआधी पुन्हा कोलाडला जाऊन आलो, तेव्हा चिंगीला निर्धास्तपणे पाण्यात सोडलं.

त्यामुळे एप्रिलमध्ये ‘घेऊ नका’ लिहिणार होते, ते आता लिहीत नाही. १,८९९ अधिक १२० रुपयांत चांगली वस्तू तयार झाली. फक्त ते १२० कंपनीने खर्च करायला हवे होते.

बाकी थोडक्यात. मापं लॅब्राडॉरच्या अंगाची धरलेली दिसतात. देशी कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळे जॅकेट मागे सरकतं. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे मोजा आणि दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घ्या. मुक्कामात रात्रभर टांगूनही फोम पुरता वाळत नाही. दुसऱ्या सकाळी तसंच ओलं घातलं तेव्हा चिंगीच्या काखा लाल झाल्या, म्हणून आता आत जुना सुती टी-शर्ट घालते. काठावर आलं की जॅकेट लगेच काढा. कुत्र्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करतात, आणि उन्हात फोमच्या आत ती फार लवकर तापतात. होडीत साखळी अडकवून ठेवू नका, होडी कलंडली तर कुत्रं तिच्याबरोबर ओढलं जातं. नदीकाठी जाण्याआधी लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस आणि आल्यावर गोचिडांसाठी कान आणि बोटांच्या बेचक्या तपासणं आम्ही चुकवत नाही.

शेजाऱ्यांच्या ३४ किलोच्या लॅब्राडॉरला एल मापाचं हेच जॅकेट आहे. एका हँडलने त्याला एकट्या माणसाने पाण्यातून वर घेणं आम्हाला जमलं नाही. पुढचा भाग वर येतो, मागचा पाण्यात राहतो. मोठ्या कुत्र्याला पाठीवर दोन हँडलं असलेलं जॅकेटच बघा, महाग पडलं तरी.