चाळीस वर्षांच्या पद्मिनीचे पासिंग: नाना पेठेतील एका गॅरेजचा अनुभव

आमच्या घरातील प्रीमियर पद्मिनी १९८५ सालची आहे. खासगी मोटारीची नोंदणी सुरुवातीला पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओच्या तपासणीला नेऊन ती वाढवून घ्यावी लागते, त्या हिशेबाने २०२५ मध्ये तिचे सहावे पासिंग होते. त्यासाठी गाडी पुण्यातील नाना पेठेतल्या एका जुन्या गॅरेजमध्ये दिली होती. गॅरेजवर पाटी नाही. वडील आणि मुलगा मिळून ते चालवतात. वडिलांना सगळी पेठ चाचा म्हणते, आम्हीही तेच म्हणू लागलो.

गॅरेज बदलण्याचे कारण आधी सांगतो. मागील खेपेस, २०२० मध्ये, दुसऱ्या एका गॅरेजने गाडी चकचकीत रंगवून, दिवे पुसून, पासिंग करून दिली होती. कागद हातात आल्यावर दोन महिन्यांतच कात्रजच्या उतारावर ब्रेकचे पेडल तळाला टेकले आणि गाडी गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत कशीबशी थांबवावी लागली. त्यामुळे या खेपेस शोध होता तो गाडी पास करून देणाऱ्याचा नव्हे, तर पास होण्याजोगी करणाऱ्याचा.

चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पायाने सायलेन्सर हलवून पाहिला आणि विचारले, "साहेब, मुदत कधी संपते?" नोव्हेंबर म्हटल्यावर त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांपर्यंत करता येतो आणि मुदत उलटल्यास मोटारीला दरमहा पाचशे रुपये विलंब शुल्क पडते, हे त्यांना तोंडपाठ होते. रंगाचा विषय मी काढला तेव्हा मात्र ते एवढेच म्हणाले, "रंगाचं नंतर बघू, आधी चारही ड्रम काढू द्या."

चाकांच्या ब्रेकवरचे ड्रम काढल्यावर जे दिसले ते पाहून मागच्या पासिंगचा अर्थ कळला. पुढच्या डाव्या चाकाचे व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) पाझरत होते आणि ब्रेक ऑइल लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या अस्तरावर, उतरून तो तुपात बुडवल्यासारखा झाला होता. ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे का ओढते, याचे उत्तर तिथे होते. डावे चाक धरतच नव्हते. त्यानंतर चाचांनी मुलाला आत बसवून पेडल दाबायला लावले आणि मला खाली वाकून चाकाकडे जाणारा रबरी पाइप दोन बोटांत धरायला सांगितले. पेडल दाबताच तो पाइप बोटांत चक्क फुगला. पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी रबर ताणण्यात जात होता, आणि ही गोष्ट बाहेरून कितीही पुसले तरी दिसणारी नव्हती. चारही चाकांची सिलिंडर किट, नवे पाइप, नवे लायनर आणि लेथवर ड्रमची घासाई, असे काम झाले. मागचा एक ड्रम घासण्यापलीकडे गेला होता, तो ऑपेरा हाऊसच्या बाजारातून मागवावा लागला. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतून पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे कायमची उतरली, तेव्हापासून या गाडीच्या मालाला नेहमीचे गिऱ्हाईक राहिले नाही, अशी चाचांची तक्रार आहे. ड्रम मिळायला लागलेला वेळ पाहता ती मला खोटी वाटली नाही.

दुसरे मोठे काम पीयूसीचे, म्हणजे धुराच्या तपासणीचे. या पिढीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आणि हायड्रोकार्बनची पंधराशे पीपीएम आहे. आमची गाडी पहिल्या चाचणीत ४.६ टक्के दाखवत होती. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी कार्बोरेटरचा स्क्रू पिळून आकडा तेवढ्यापुरता खाली आणतात आणि चढावर गाडी धापा टाकू लागते. चाचांच्या मुलाने स्क्रूला हात लावण्यापूर्वी कार्बोरेटर उघडला. फ्लोटची सुई झिजली होती, त्यामुळे पेट्रोलची पातळी चढत होती, आणि चोकची पट्टी पूर्ण उघडत नव्हती. सुई बदलली, चोकची केबल मोकळी केली, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासून त्यांचे अंतर बसवले, एअर फिल्टर नवा घातला आणि मगच आयडलिंग लावले. पीयूसीला नेण्यापूर्वी त्याने गाडी स्वारगेटपर्यंत फिरवून इंजिन नीट तापवून घेतले. थंड इंजिनावर नळी लावली की जुनी गाडी हकनाक नापास होते, हे त्याचे म्हणणे मला पटले. दुसरा आकडा २.१ आला आणि गाडी सिंहगड रस्त्याच्या चढाला पूर्वीपेक्षा हलकी वाटली.

पत्र्याच्या बाबतीत आमचा थोडा वाद झाला. मागच्या आसनाखालचा पत्रा सडला होता आणि पाट्यांच्या (मागच्या स्प्रिंगच्या) बैठकीजवळ स्क्रू ड्रायव्हर सहज आरपार गेला. तपासणीत कोणी आसन उचलून पाहणार नाही, तेव्हा हे काम पुढच्या वर्षी करावे, असे मी सुचवले. चाचांनी ते ऐकून घेतले आणि पत्रा कापायला सुरुवात केली. खर्चाच्या दृष्टीने हा निर्णय त्यांचा एकट्याचा झाला, ही माझी नाराजी आहे. गाडीच्या दृष्टीने तो योग्य होता, हेही मान्य करतो.

दिव्यांचे काम मात्र मनासारखे झाले नाही. रिफ्लेक्टरचा मुलामा गेल्यामुळे उजेड पिवळा पडत होता, त्यावर वायरमनने न विचारता पांढरे एलईडी बल्ब घातले. ते काढून मूळच्या पद्धतीचे बल्ब आणि नवे रिफ्लेक्टर घालायला लावले, त्यात चार दिवस गेले. भिंतीवर खडूच्या रेघा मारून झोत खाली बसवण्याचे काम तेवढे त्याने मन लावून केले.

कागदपत्रांचे काम हे गॅरेज करत नाही आणि एजंटही सुचवत नाही. अर्ज, विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट हे सारे मालकाने पाहायचे. वीस वर्षांवरील मोटारींचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले आहे, ते हिशेबात धरावे. गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवली तर हे टळेल का, असे एका मित्राने विचारले होते. २०२१ च्या नियमांनुसार ती सोय पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला आहे आणि तशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, म्हणजे आम्हाला ती आजही उपयोगाची नाही आणि आणखी दहा वर्षांनीही बहुधा नसेल.

एक मदत मात्र चाचांनी आपणहून केली. बॉनेटखाली ठोकलेला चेसिस क्रमांक रंगाच्या थरांखाली बुजला होता. त्यांनी थिनरच्या बोळ्याने तो हळूहळू मोकळा केला, वर कागद धरून पेन्सिल फिरवली आणि एकेक आकडा आरसी बुकाशी ताडून पाहिला. एक आकडा तीन की आठ यावर पाच मिनिटे खल झाला. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्या क्रमांकापाशीच घेतला. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर आणि थोडे मागेपुढे चालवणे एवढ्यात उरलेली तपासणी आटोपली आणि गाडी पहिल्याच फेरीत पास झाली.

एकूण खर्च ४१,६०० रुपये झाला. त्यातील पत्र्याचे १२,००० आणि ब्रेकचे ९,८०० एवढेच आकडे मला वेगळे सांगता येतात, कारण बिल कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेले होते आणि मजुरीची फोड मागूनही मिळाली नाही. बारा दिवसांचा वायदा एकतीस दिवसांवर गेला. याउलट, काढलेला प्रत्येक जुना भाग गोणपाटाच्या पिशवीत घालून डिकीत ठेवलेला मिळाला. असे करणारे गॅरेज मला तरी अलीकडे भेटले नव्हते.

ज्यांची पद्मिनी रोज रस्त्यावर धावते त्यांनी मुदतीच्या तीन महिने आधी इथे जावे आणि कामाची यादी स्वतः लिहून चाचांची त्यावर सही घ्यावी. प्रदर्शनासाठी गाडी सजवायची असेल, तर हे ठिकाण नव्हे. सकाळी दहाच्या आत गेल्यास चाचा भेटतात. त्यानंतर ते माल आणायला बाहेर पडतात आणि मुलगा किंमत सांगत नाही. आमच्या गाडीचा रंग अजून बाकी आहे.