गूगल सर्च कन्सोल वर्षभर वापरल्यावर: सांगलीची हळद, कासचा होमस्टे आणि फसवी सरासरी

गूगल सर्च कन्सोल म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते साइटवाल्याला दाखवणारं गूगलचं साधन. फुकट आहे, आकडे थेट गूगलचे आहेत आणि १६ महिने मागे जाता येतं. रँक (शोधनिकालातला नंबर) घसरलं की साइटवाल्यानं आधी हेच उघडावं. मात्र हे काय पडलं ते सांगतं, का पडलं ते नाही. सांगलीतली हळद-बेदाण्याची साइट आणि साताऱ्याजवळच्या कासच्या वाटेवरचा होमस्टे, या दोन्हींवरचा हा अनुभव.

साइट कन्सोलला जोडताना ‘डोमेन’ प्रकारच घ्यावा, त्यात साइटचे सगळे पत्ते येतात. डीएनएसमध्ये (साइटच्या नावाच्या नोंदींमध्ये) एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे गूगलनं दिलेली मजकुराची ओळ, टाकायचा, एवढंच काम. ‘यूआरएल प्रीफिक्स’मध्ये तेवढाच पत्ता मोजला जातो, साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर (सुरक्षित पत्त्यावर) नेली की जुन्या नोंदीत क्लिक शून्याकडे जातात आणि मालकाला वाटतं, गूगलनं हाकललं.

सगळ्यात फसवा आकडा ‘ॲव्हरेज पोझिशन’, म्हणजे निकालांतला सरासरी क्रमांक. ‘सांगली हळद भाव’ला साइट तिसरी आहे. बेदाण्याचं नवं पान टाकलं, ते साठाव्या नंबरावर दिसू लागलं, की सरासरी बिघडते. हळदीचं पान जागचं हललेलं नसतं. म्हणून एक क्वेरी (शोधलेले शब्द), एक पान, देश भारत, डिव्हाइस मोबाइल असे फिल्टर लावूनच बघायचं. उलटंही होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलनं एका पानावर १०० निकाल मागवायची सोय बंद केली आणि रँक तपासणाऱ्या यंत्रांमुळे फुगलेली, खालच्या नंबरांवरची इम्प्रेशन्स (निकालांत दिसण्याची संख्या) गळाली. कित्येकांची सरासरी मात्र ‘सुधारली’. गिऱ्हाईक तेवढंच.

कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. नोव्हेंबरात होमस्टेची इम्प्रेशन्स पडणारच. क्रमांक तोच आणि इम्प्रेशन्स कमी, तर शोधणारेच कमी झालेत. साइटला हात लावू नका. ‘कम्पेअर’मध्ये गेल्या वर्षीचे तेच आठवडे घ्या. क्रमांक आणि इम्प्रेशन्स दोन्ही तसंच राहून क्लिक घटले, तर स्वतः शोधून बघा: वर एआयचं उत्तर आलंय, की आपलं टायटल गूगलनं बदललंय?

क्रमांकच घसरला, तर गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर (सर्चमधले बदल आणि बिघाड नोंदवणाऱ्या पानावर) कोअर अपडेट, म्हणजे निकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, चालू आहे का ते पाहावं. मार्च २०२४ चं अपडेट ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपलं. त्या दीड महिन्यात दर आठवड्याला टायटल बदलणाऱ्याला कशानं काय झालं ते कळणार कसं? अपडेट संपल्यावर किमान एक आठवडा जाऊ द्यावा, मग तो आठवडा अपडेटच्या आधीच्या आठवड्याशी ताडावा. दोन पायऱ्यांची घसरण असेल तर पान उसवू नये. पहिल्या पानावरून तिसऱ्यावर गेलं, तर मजकूर मुळापासून बघावा: भाव कोणत्या तारखेचा, राजापुरी जातीचा की सेलमचा, क्विंटलचा की किलोचा?

मराठी साइटला एक युक्ती फार कामाची. क्वेरी फिल्टरमध्ये ‘कस्टम रेजेक्स’ (अक्षरांच्या नमुन्यावरून गाळणी) निवडून [अ-ह] लिहायचं. देवनागरीतले शोध वेगळे निघतात.

खटकतं ते असं. तक्त्यात १००० च ओळी. विरळ शोध गुप्ततेसाठी लपवतात, त्यामुळे क्लिकची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही (हिशेब तपासत बसू नका). ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ला (पान गूगलच्या यादीत घ्या अशी विनंती) रोजची मर्यादा आहे आणि ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’वर, म्हणजे गूगलनं वाचून यादीत न घेतलेल्या पानांवर, ते दाबत राहून काही होत नाही. तिथे बहुतेक वेळा तालुका बदलून चिकटवलेले तेच परिच्छेद असतात: हळद मिरज, हळद तासगाव, हळद वाळवा. त्यांचं एकच पान करून बाकीच्या पत्त्यांवरून ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) लावावा.