पानातली बुरशी: प्लेटवर वाढवायची की सिक्वेन्सिंगला द्यायची?

पावसाळा सरत आला की एमएस्सीची एक-दोन मुलं दारात उभी राहतात. "मॅडम, झाडांच्या पानात राहणाऱ्या बुरशीवर डिझर्टेशन करायचंय. प्लेटवर वाढवू की सरळ डीएनए काढून सिक्वेन्सिंगला देऊ?" प्लेट म्हणजे बुरशीचं खाद्य ओतलेली चपटी बशी, आणि सिक्वेन्सिंग म्हणजे डीएनए वाचून बुरशी ओळखणं. मी उलट विचारते, बुरशी मोजायचीय की हातात हवीय? उत्तर ठरलेलं: "दोन्ही." सहा महिन्यांत दोन्ही होत नाही, हे पुण्यातल्या पोरांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

ही बुरशी म्हणजे एंडोफाइट. निरोगी दिसणाऱ्या पानाच्या आत, झाडाला कसलाही डाग न पाडता राहते. उष्ण प्रदेशातल्या जंगलात ती किती असावी? पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर दोन जातींच्या झाडांची ८३ पानं घेऊन एलिझाबेथ अर्नॉल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली ४१८ वेगवेगळ्या रूपांची बुरशी नोंदवली. तीही प्लेटवर वाढवून. तेव्हा प्लेट म्हणजे जुनाट काम, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

पण प्लेट घाम काढते. अंजनाचं पान नळाखाली धुवायचं, ७० टक्के अल्कोहोल, मग हायपोक्लोराइट (ब्लीच), परत अल्कोहोल, शेवटी निर्जंतुक पाणी. नंतर तेच पान एका कोऱ्या प्लेटवर दाबून छाप घ्यायची. छापेवर काही उगवलं तर पृष्ठभाग साफ झालेलाच नाही, पुढचं सगळं फुकट. छाप कोरी राहिली की पानाचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणूंना रोखणारं प्रतिजैविक) घातलेल्या पीडीएवर, म्हणजे बटाटा-साखरेच्या खाद्यावर मांडायचे. चार-सहा दिवसांत पेस्टॅलोशिऑप्सिस या बुरशीचा पांढरा कापूस पसरतो, पुढे त्यावर काळे ठिपके धरतात. हळू वाढणाऱ्या बुरशीला तीन-चार आठवडे लागतात, आणि तोवर हा कापूस तिच्या डोक्यावर बसलेला असतो. म्हणून रोज प्लेट उघडून कडेची बुरशी सुईने उचलावी लागते. दिवाळीची सुट्टी विसरा. माझ्या एका बॅचमध्ये माइट (बारीक कोळीकिडे) शिरले. डोळ्यांना धड दिसतही नाहीत, पण एका प्लेटचे बीजाणू पायाला लावून दुसरीत नेतात. तीन महिन्यांच्या प्लेट ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत मारून) टाकून दिल्या.

शिवाय पुष्कळ आयसोलेट (पानातून वेगळ्या काढलेल्या बुरशी) बीजाणूच धरत नाहीत, नुसते धागे. मग नाव ठरवायला आयटीएस हा बुरशी ओळखायचा डीएनएचा तुकडा वाचावा लागतोच.

सिक्वेन्सिंगमध्ये ही रोजची राखण नाही. पान साफ करायचं, वाटायचं, डीएनए काढायचा, त्यातल्या आयटीएसच्या प्रती वाढवून पाठवायच्या. बुरशीचा अधिकृत बारकोड म्हणून आयटीएसला २०१२ साली मान्यता मिळाली. प्लेटवर कधीच न वाढणारी बुरशीही इथे सापडते. घोळ वेगळ्या जागी आहे. चिकट पानांतून स्वच्छ डीएनए निघत नाही. प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारा डीएनएचा छोटा धागा) नीट निवडला नाही तर झाडाचाच डीएनए वाढून येतो. पानावर मेलेल्या बुरशीचा डीएनए अल्कोहोलने जात नाही. एखाद्या नावापुढे दहा हजार रीड (वाचलेले डीएनएचे तुकडे) दिसले म्हणून ती बुरशी पानात जास्त आहे असं होत नाही. आणि यादीत कितीतरी ओळी "बुरशी, पुढे अज्ञात" एवढ्यावरच थांबतात. शेवटी एक एक्सेल फाइल उरते, जिवंत बुरशी जपलेली नळी (स्लँट) एकही नाही.

माझं मत विचाराल तर प्रश्न पाहून ठरवा. नरक्या या झाडाचं उदाहरण घ्या. कॅन्सरच्या औषधांना लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिनसाठी सह्याद्रीतून ही झाडं बेसुमार तोडली गेली, आणि २००५ साली त्याच झाडातल्या एका एंडोफाइटने ते द्रव्य फ्लास्कमध्ये बनवल्याचं प्रसिद्ध झालं. अशा द्रव्यांच्या मागे असाल तर जिवंत बुरशी पाहिजेच, प्लेटला पर्याय नाही. पुन्हा पुन्हा वाढवली की उत्पादन घटतं ही डोकेदुखी वेगळी. चांगला आयसोलेट मिळालाच तर तो जमा करायला आघारकर संस्थेतला राष्ट्रीय बुरशी संग्रह आपल्याच गावात आहे, ही पुण्याची सोय.

"हिरड्यात आणि जांभळात वेगळी बुरशी असते का?" हा प्रश्न असेल तर मात्र मी सिक्वेन्सिंगकडे झुकेन. चेन्नईचे बुरशी-संशोधक सूर्यनारायणन यांच्या गटाला पश्चिम घाटातल्या निरनिराळ्या झाडांत कोलेटोट्रायकम, फायलोस्टिक्टा अशी त्याच त्या घराण्यांची बुरशी वारंवार मिळाली. प्लेटवर सहज वाढणारीही हीच. नुसत्या प्लेटच्या जोरावर "फरक नाही" असं लिहून मोकळे व्हाल.

काहीही निवडा, पानाचं वय टिपून ठेवा. कोवळं पान जवळजवळ रिकामं असतं, बीजाणू पावसाने आणि हवेने बाहेरून येतात. चैत्रातलं पालवीचं पान आणि भाद्रपदातलं जून पान एका तक्त्यात घातलंत तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच काढतील.

ताम्हिणी किंवा भीमाशंकर अभयारण्यात पान तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. अर्ज आधी टाका, आणि ती येईपर्यंत कॉलेजच्या आवारातल्या जांभळावर वीस प्लेट घालून छाप कोरी येते का ते बघा.