साठ डिस्प्ले आणि एक खोटे लेबल

शेतातील पंपासाठी टाकीची पातळी आणि मोटर चालल्याचे तास दाखवणारे छोटे कंट्रोलर मी अकोल्यात स्वतः जोडून विकतो. त्यात सोळा अक्षरे आणि दोन ओळींचा, पिवळसर हिरव्या काचेचा नेहमीचा एलसीडी डिस्प्ले असतो. त्याच्या साध्या प्रकाराची कामाची मर्यादा साधारणतः 0 ते 50 अंश सेल्सिअस असते, तर ‘वाइड टेम्परेचर’ प्रकार उणे 20 ते 70 अंशांपर्यंत चालतो. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 45 च्या आसपास जातो आणि उन्हातली पत्र्याची पेटी त्याहून कितीतरी तापते, म्हणून नगामागे 90 रुपये जास्त मोजून मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मुद्दाम दुसरा प्रकार मागवला.

आधी आलेला नमुना मी गच्चीवर भर उन्हात दिवसभर चालवून पाहिला. तो उत्तम चालला, म्हणून 60 नगांचे पैसे आगाऊ पाठवले. आलेल्या मालाच्या पाठीवर नमुन्यासारखेच ‘वाइड टेम्परेचर’चे लेबल होते. त्यातले दोन नग मी पंख्याखाली टेबलावर जोडले, अक्षरे उमटली आणि मी निर्धास्त झालो.

एप्रिलअखेर फोन सुरू झाले. दुपारी नुसते काळे ठोकळे दिसतात आणि दिवेलागणीला सगळे ठीक होते, अशी प्रत्येकाची तक्रार होती. रिलेच्या, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, ठिणगीने हे डिस्प्ले गोंधळतात हा जुना अनुभव असल्यामुळे मी विजेचे झटके शोषणारे कपॅसिटर वाढवले, दर दहा सेकंदांनी डिस्प्ले नव्याने सुरू करणारा प्रोग्राम भरला, आणि पंधरा दिवस स्वतःच्याच कामात खोट शोधत बसलो. वास्तविक सुरू न झालेल्या डिस्प्लेवर ठोकळे फक्त वरच्या ओळीत येतात. इथे ते दोन्ही ओळींत होते आणि त्यांच्या आत अक्षरेही पुसट दिसत होती. हे मला पहिल्याच दिवशी खटकायला हवे होते.

शेवटी एका शेतावर पेटी उघडून कॉन्ट्रास्टचा प्रीसेट, म्हणजे अक्षरांचा गडदपणा कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू, फिरवला, तेव्हा अक्षरे परत आली. काच तापली की तिला कमी व्होल्टेज पुरते, त्यामुळे सकाळी बरोबर लावलेला कॉन्ट्रास्ट दुपारी जास्त होतो. तीनच्या सुमारास मात्र सगळी काच काळी पडली आणि प्रीसेटचा काही उपयोग होईना. तिथेच नखाने लेबल सोलले. खाली बोर्डावरचा मॉडेल क्रमांक पॉलिश पेपरने घासून काढला होता. घरी उरलेले नग तपासताना एकावर तो पुरता घासला गेला नव्हता. त्या क्रमांकाच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात, मर्यादा होती 0 ते 50. नमुन्यावरचा क्रमांक वेगळा आणि शाबूत होता.

व्यापाऱ्याने शांतपणे विचारले, “साहेब, बिलावर वाइड टेम्परेचर कुठे लिहिलंय?” बिलावर फक्त ‘एलसीडी 16×2, 60 नग’ एवढेच होते, बाकी सगळा व्यवहार फोनवरच्या बोलण्यात झालेला.

आता मी मॉडेल क्रमांक आणि तापमानाची मर्यादा पक्क्या बिलावर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ पैसे देत नाही आणि घासलेला बोर्ड दिसला की माल परत करतो. प्रत्येक लॉटच्या मधूनच तीन नग उचलून, पत्र्याच्या डब्यात 40 वॅटचा बल्ब लावून, थर्मामीटर 65 अंश दाखवेल अशा बेताने तासभर चालवतो. नमुना चांगला निघाला तरी ही तपासणी मालावरच करावी. शेतांवरचे 41 डिस्प्ले मी पदरमोड करून बदलून दिले. काढून आणलेले आता घरातल्या घड्याळांत बसवतो. तिथे ते व्यवस्थित चालतात.