टपालाने आलेलं टोलचं बिल: वाचायला कठीण, भांडायला सोपं

बिलाला पाचपैकी दोन गुण, तक्रारीच्या सोयीला चार. टोल गोळा करणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण न्यू जर्सीच्या आजूबाजूच्या राज्यांत थोड्याफार फरकाने हीच तऱ्हा आहे.

डोंबिवलीत बसून वाचणाऱ्यांना आधी एवढं सांगते, की इकडे बऱ्याच रस्त्यांवर टोल घेणारा माणूसच उरलेला नाही. टर्नपाइक, थ्रूवे म्हणजे इकडचे टोलचे महामार्ग. मॅसॅच्युसेट्स टर्नपाइकने 2016 मध्ये रोख टोल बंद केला, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक आणि न्यूयॉर्क थ्रूवेने 2020 मध्ये. रस्त्यावर लोखंडी कमान आणि तिच्यावर कॅमेरे. काचेला ई-झेडपासचा टॅग असेल तर खात्यातून पैसे जातात. नसेल तर नंबर प्लेटचा फोटो निघतो, नोंदणीवरून मालकाचा पत्ता काढतात आणि बिल घरी येतं. दर अर्थातच चढा. पेनसिल्व्हेनियात तर टॅगवाल्यांच्या जवळपास दुप्पट. आपल्याकडे फास्टॅगचा मेसेज नाका ओलांडेपर्यंत येतो. इथे आमचे नायगाराचे फोटो सगळ्या नातेवाइकांचे बघून झाले, त्यानंतर पाकीट आलं. टॅग सूनबाईंच्या गाडीत आणि आम्ही गेलो मुलाच्या गाडीने, म्हणून हे बिल.

पाकीट दिसायला थेट जाहिरातीचं. मुलाने ते पिझ्झाच्या कूपनांबरोबर ठेवलं होतं. आत ठळक अक्षरांत एकूण रक्कम, शेवटची तारीख आणि उशीर झाल्यास दंड. ज्याचे पैसे मागताय तो तपशील मात्र मागच्या बाजूला, फिकट शाईत, मुंगीएवढ्या अक्षरांत. दोन गुण गेले ते इथेच.

मी जन्म बँकेत काढला. खतावणीवर पेन्सिल फिरवल्याशिवाय सही करायची नाही ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही. मुलगा म्हणाला, “आई, भरून टाकू ना, एवढ्याशा पैशासाठी कोण डोकं लावणार?” मी चष्मा लावला. एकाच कमानीच्या दोन ओळी होत्या. एका ओळीत साडेतीन डॉलरच्या आसपास, दुसरीत सोळाच्या वर. रस्ता तोच, दिशा तीच. शेजारच्या बारीक रकान्यात उत्तर सापडलं: पहिलीत 2, दुसरीत 4. तो आकडा गाडीच्या आसांचा (ॲक्सलचा). दोन आसांची म्हणजे आपली साधी मोटार. आमच्या गाडीला चार आस कुठून फुटले?

बिलाचा क्रमांक आणि गाडीचा नंबर टाकला की संकेतस्थळावर फोटो दिसतो. हा भाग खरंच चांगला. फोटोत एक पिकअप ट्रक, मागे गवत कापायची यंत्रं लादलेला ट्रेलर. त्याच्या प्लेटवर B, आमच्या प्लेटवर त्याच जागी 8. यंत्राने वाचलं आणि पुढे कुणी पाहिलं नाही. तारीख पाहिली तर त्या दिवशी आमची गाडी दारात उभी होती, पण ते सिद्ध करायची गरजच पडली नाही. फोटो पुरेसा होता.

तक्रारीच्या पानावर कारणांची यादी असते: गाडी विकली, चोरीला गेली, भाड्याने दिली होती, टॅग होता, प्लेट आमची नाही. आपण शेवटचं निवडलं. नोंदणीच्या कागदाची प्रत आणि गाडीचा मागून काढलेला फोटो जोडला. मजकूर मीच सांगितला, मुलाने टाइप केला. त्यात “अन्याय”, “मनस्ताप” असले शब्द त्याला घालायचे होते, ते मी काढायला लावले. ओळ क्रमांक, तारीख, कमान, आमची प्लेट, फोटोतली प्लेट. बस. वादातली ओळ सोडून बाकीचे पैसे मुदतीत भरले आणि पोचपावतीचा नंबर वहीत उतरवला. फोनच्या वाटेला जाऊ नका; तिकडे फक्त संगीत ऐकायला मिळतं, आणि तेही चांगलं नाही. पुढे टपालानेच दुरुस्त बिल आलं, ती ओळ शून्य.

याच काळात मुलाच्या मोबाइलवर “टोल थकला आहे, लगेच भरा” असा मेसेज आला, खाली लिंक. त्यात ना गाडीचा नंबर, ना तारीख, ना कमान. असल्या फसव्या मेसेजांबद्दल एफबीआयने एप्रिल 2024 मध्येच लोकांना सावध केलं होतं. खरं बिल कितीही फिकट छापलेलं असो, त्यात आपल्या प्लेटचा नंबर असतो.

आता मुलाच्या गाडीलाही टॅग लागलाय. शिवाय दोन्ही गाड्यांच्या प्लेट ई-झेडपासच्या खात्यात नोंदवून घेतल्या, कारण टॅग वाचला गेला नाही तर प्लेटवरून खातं शोधतात. टॅगचा दर बघून मुलाने विचारलं, हे आधी का नाही केलं? मुलुंडच्या नाक्यावर ऑक्टोबर 2024 पासून लहान गाड्यांना टोलच नाही, हे मी त्याला तेवढ्यात ऐकवून घेतलं.