राजारामपुरीतली लाइफ सायन्सची रविवारची बॅच, सेल सिग्नलिंगसाठी नक्की जावा

नेट परीक्षेच्या तयारीसाठी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासला रविवारची बॅच लावलेली, सेल सिग्नलिंगचे, म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आत कसा पोचतो त्याचे, चार रविवार आत्ता संपले म्हणून लिहितोय. मॅडमना न विचारता क्लासचं नाव टाकणं बरं वाटेना.

बीएस्सीला हा टॉपिक मी नुसता पाठ केलेला, पीआयपी टू, पीएलसी, आयपी थ्री, डीएजी, पीकेसी, बाण काढायचे आणि मार्क घ्यायचे. मॅडमनी पहिल्या दिवशी बाण काढलेच नाहीत. हार्मोन पेशीच्या बाहेर, काम आत, मधी तेलकट पडदा, मग निरोप आत जाणार कसा, एवढंच विचारलं आणि मग दीड तास एकाच रेणूवर काढला. पीआयपी टू हे पडद्याच्या आतल्या बाजूचं लिपिड, असतं अगदी थोडं. बाहेर रिसेप्टरला हार्मोन चिकटलं की जीक्यू नावाचं प्रोटीन फॉस्फोलायपेज सी (पीएलसी) या एन्झाइमला जागं करतं आणि ते या लिपिडचे दोन तुकडे करतं. शेपटीवाला डीएजी तेलकट, तो पडद्यातच बसतो. डोक्याचा आयपी थ्री पाण्यात विरघळतो, तो सुटतो आणि ईआर, म्हणजे पेशीतलं कॅल्शियमचं कोठार, गाठतो. एकाच रेणूतला एक घरात थांबणारा आणि एक पळणारा, हे मला इतकी वर्षं कधी दिसलंच नव्हतं!

कॅल्शियम समजवायला त्यांनी राधानगरी धरण आणलं. शांत पेशीत कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर, बाहेर जवळजवळ १० हजार पट जास्त, आणि पंप रात्रंदिवस एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून ते बाहेर नाहीतर ईआरमधी ढकलत असतात. राधानगरीचे दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, ईआरचं तसं नाही, कितीबी भरलेलं असू दे, आयपी थ्रीची किल्ली लागली तरच सुटतं. सुटलेलं कॅल्शियम पीकेसी या एन्झाइमला पडद्याकडं घेऊन येतं आणि तिथं डीएजी बसलेलाच असतो, तो त्याला चालू करतो. म्हणजे तुटलेल्या दोन तुकड्यांचं काम परत एका जागी येतं. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला, खरंच.

तालमीत जाणाऱ्या एका पोरानं विचारलं, मग दंड मारताना पण आयपी थ्रीच का? मॅडम लई खूश झाल्या. तिथं मज्जातंतूकडनं आलेल्या विजेच्या सिग्नलनं रायनोडीन रिसेप्टर उघडतो, कॅल्शियम तेच पण दरवाजा वेगळा. रक्तवाहिनीच्या गुळगुळीत स्नायूत मात्र आयपी थ्री चालतो. परीक्षेत इथंच फसतात.

इतिहास पण सांगितला, घाई न करता. १९५३ ला होकिन दांपत्यानं स्वादुपिंडाच्या चकत्यांवर असिटिलकोलीन घातलं तर रेडिओॲक्टिव्ह फॉस्फरस पडद्याच्या लिपिडमधी जास्त जायला लागला. १९७५ ला मिशेल यांनी याचा कॅल्शियमशी संबंध जोडला, आणि आयपी थ्रीच ईआरमधलं कॅल्शियम सोडवतो हे १९८३ ला बेरिज वगैरेंच्या कामातनं दिसलं. तीस वर्षं! आणि पीकेसी शोधणारे जपानचे निशिझुका, त्यांच्यावरनं गाडी जमालगोट्यावर आली. जमालगोट्याच्या तेलातले फॉरबॉल एस्टर डीएजीची जागा घेऊन पीकेसी चालूच ठेवतात, डीएजीसारखे लवकर मोडत नाहीत, म्हणून उंदरांच्या कातडीवर गाठी वाढवतात. आजीच्या तोंडी ऐकलेलं नाव थेट सिलॅबसमधी निघालं.

आता तक्रारी. पीआयपी टूला न तोडता त्यावर आणखी एक फॉस्फेट चढवायचा पीआय थ्री कायनेजचा रस्ता, जो इन्शुलिनला लागतो, तो शेवटच्या रविवारी पंधरा मिनिटांत उरकला आणि प्रश्न तर त्यावर हमखास येतात. नोट्स झेरॉक्सची झेरॉक्स, आकृतीत कॅल्शियमवरचे दोन अधिक दिसतच नाहीत. बॅचला पोरं जास्त, उशिरा गेलो की मागच्या बाकावरनं फळा दिसत नाही, आणि खाली गाडी लावायला जागा नाही.

फी महिन्याला दीड हजार, मला वसूल झाली. पीआय थ्री कायनेजचा एक जादा तास घ्या म्हणून आम्ही सात-आठ जणांनी मॅडमना सांगितलंय, बघतो म्हणाल्यात, घेतला तर इथंच खाली टाकतो.