फायबर, केबलवाल्याचं लॅन आणि एअरफायबर : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत, एकाच फ्लॅटमध्ये तीन कनेक्शनं शेजारी शेजारी चालवून घेतलेला हा अनुभव आहे. एक मोठ्या कंपनीचं १५० एमबीपीएसचं फायबर, दुसरं स्थानिक केबलवाल्याचं १०० चं लॅन (घरात साध्या नेटवर्क वायरने येणारं), तिसरं १०० चंच एअरफायबर, म्हणजे वायरऐवजी मोबाइलच्या ५जी लहरींवरून येणारं नेट. कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. तीच कंपनी दोन गल्ल्या सोडून वेगळी वागते. दुपारी तिन्ही छान चालतात. फरक कळतो तो रात्री, अपलोड करताना आणि लाइट गेल्यावर.

सगळे आकडे लॅपटॉप केबलने राउटरला जोडून घेतलेत. वाय-फायवर घेतलेली टेस्ट बहुतेक वेळा वाय-फायचीच असते: २.४ गिगाहर्ट्झवर दोन भिंतींपलीकडे ३०-४० मिळाले तर त्यात कंपनीचा दोष नाही, ५ गिगाहर्ट्झवर या. दुसरं म्हणजे टेस्टचं ॲप बहुधा कंपनीचाच किंवा सगळ्यात जवळचा सर्व्हर पकडतं आणि आकडा गोड दिसतो. मुंबईचा, दुसऱ्या कोणाचा तरी सर्व्हर हाताने निवडा. आणि १५० चा प्लॅन घेऊन कायम ९३-९४ वरच अडकत असेल, तर मोडेमचं पोर्ट १०० चं आहे किंवा लॅन वायरच्या आठपैकी एखादी तार तुटली आहे. १०० एमबीपीएसला चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक गेली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि कुठे काही एरर दिसत नाही. बऱ्याच मोडेमना एक पोर्ट गिगाबिटचं आणि दुसरं १०० चं असतं, त्यामुळे आधी पोर्ट बदलून बघा.

फायबर

घरगुती फायबर बहुतांश जीपॉन पद्धतीचं असतं, म्हणजे काचेचा एकच धागा अनेक घरांत वाटलेला. एका धाग्यावर डाउनलोडला २.५ आणि अपलोडला १.२५ गिगाबिटच्या आसपास क्षमता, आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली. तरी रात्री साडेनऊलाही १४० च्या खाली क्वचितच आलं, कारण सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत. अपलोडही १५० च्या जवळ. मुंबईचा पिंग, म्हणजे तिथल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ५-६ मिलिसेकंद.

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या सेटिंगच्या पानावर एक आकडा दिसतो, आरएक्स पॉवर, म्हणजे मोडेमपर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद. कनेक्शन लावतानाच तो वहीत टिपून ठेवा. एक्स्चेंजमधून निघालेला प्रकाश उणे १८ ते २२ डीबीएमने घरी पोचला तर उत्तम. उणे २७ ही साधारण शेवटची मर्यादा, तिथे लिंक तुटू लागते. तीन डीबी कमी होणं म्हणजे प्रकाश निम्मा होणं, म्हणून १९ चा २५ झाला की तक्रार नोंदवायचीच, नेट चालू असलं तरी. 'स्लो चालतंय' म्हटलं तर मोडेम रीस्टार्ट करायला सांगतात. 'पॉवर १९ वरून २५ वर गेली' म्हटलं की माणूस येतो.

आकडा बिघडण्याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे स्लायडिंग खिडकीचा ट्रॅक. वायरमनला घाई असते, वायर ट्रॅकमधून आत घेतो आणि खिडकी रोज तिच्यावरून सरकते. वरचं काळं आवरण शाबूत दिसतं, आत काच दबलेली असते. चौकटीला ८ मिमीचं भोक पाडून घ्या, बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवून, आणि भोकाआधी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जाईल, आत येणार नाही. आतल्या वायरचं वेटोळं १० मिमी त्रिज्येपेक्षा घट्ट नको. जुन्या प्रकारच्या धाग्याला तर ३० मिमी लागते.

दिवे वाचता आले तर निम्मे फोन वाचतात. लॉस लाल म्हणजे प्रकाशच येत नाही: धागा तुटला किंवा कनेक्टर निघाला. पॉन लुकलुकतोय म्हणजे प्रकाश आहे, पण पलीकडची यंत्रणा मोडेमला ओळखत नाही किंवा सिग्नल अशक्त आहे. पॉन स्थिर आणि इंटरनेटचाच दिवा बंद म्हणजे खातं, रिचार्ज किंवा पासवर्डचा घोळ. इथे धागा जोडणारा माणूस येऊन उपयोग नाही. लाल असेल तर मागचा हिरवा कनेक्टर काढून खट् होईपर्यंत पुन्हा बसवा. टोकाला बोट लावू नका, डोळ्यासमोर धरू नका. हिरव्या सॉकेटला निळा कनेक्टर लावलेला दिसला तर बदलायला लावा: हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नाही, मध्ये फट राहते.

रस्ता खोदताना मात्र फायबरला वाली नाही. मुख्य केबल जेसीबीने तोडली की सगळ्या धाग्यांना एकेक करून जोड मारावा लागतो. एक दिवस गेला असं धरूनच चला.

केबलवाल्याचं लॅन

हेही 'फायबर' म्हणूनच विकतात. ओळख सोपी: घरात आलेल्या वायरला टेलिफोनच्या पिनेसारखी, पण रुंद पिन असेल तर फायबर इमारतीपर्यंतच आहे, पुढे साधी लॅन वायर. जिन्याखालच्या डब्यातला स्विच, म्हणजे घराघरांत लॅन वायर वाटणारं यंत्र, इमारतीची वीज खातो. घरात इन्व्हर्टर असूनही लाइट गेल्याबरोबर नेट जातं ते यामुळे. जीपॉनच्या वाटेत विजेवर चालणारं काही नसतं, नुसते प्रकाश वाटून देणारे काचेचे स्प्लिटर असतात. तिकडे एक्स्चेंज आणि इकडे मोडेम जिवंत असला की झालं.

दोन इमारतींमध्ये लॅन वायर टेरेसवरून टाकली असेल तर मे-जूनच्या वळवाच्या विजांत पोर्ट जळतात, कधी थेट राउटरही. वाऱ्या-पावसाचा अंदाज असला की वायर काढून ठेवा. लॅनची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे लिंक लागते पण पॅकेट (डेटाचे तुकडे) गळतात आणि कॉलमध्ये आवाज तुटतो.

तरी याची एक बाजू खरोखर चांगली: माणूस ओळखीचा असतो, फोन केला की तासाभरात गाडीवर येतो. वेग रात्री ६०-७० वर घसरायचा, तक्रार केली की दोन-चार दिवस सुधारायचा.

जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाइनवरचं नेट आता विचारात घेऊ नका. एडीएसएल-२ प्लसची कागदावरची कमाल २४ एमबीपीएस, तीही एक्स्चेंज जवळ असेल तर.

एअरफायबर

भारतात हे २०२३ मध्ये आलं. नावात फायबर असलं तरी हे ५जी आहे, बाहेर लावलेल्या युनिटवर पकडलेलं. त्यामुळे सगळं युनिट कुठे लावलं यावर ठरतं. टेरेसच्या कठड्याच्या एका कोपऱ्यावर ४०, दुसऱ्यावर ९५. बसवणाऱ्याला पहिल्या जागेवर स्क्रू मारू देऊ नका. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ९० च्या आत आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) १५ च्या वर मिळेपर्यंत जागा बदलायला लावा. समोर आंब्याचं किंवा गुलमोहराचं झाड असेल तर कोरड्या दिवशीची टेस्ट गृहीत धरू नका. या लहरींना नुसत्या पावसाने फार फरक पडत नाही, ओल्या पानांनी पडतो.

रात्री नऊ ते अकरा ५०-६०, पिंग २५ ते ६० च्या मध्ये उड्या मारणारा. अपलोड १५-२०, कारण ५जीत लहरींच्या एकाच पट्ट्यावर डाउनलोड आणि अपलोड वेळ वाटून घेतात आणि बहुतेक वेळ डाउनलोडला देतात. सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग आणि दोन व्हिडिओ कॉल एकत्र आले की गुदमरतं. डेटाची मर्यादा बहुधा महिना १००० जीबी, फायबरवर सर्रास ३३०० च्या आसपास. १००० म्हणजे १०० एमबीपीएसने सलग ओढलं तर साधारण २२ तास. फोर-के बघणाऱ्या घरात तासाला ७ जीबी धरा.

भाड्याच्या घरात किंवा जिथे केबल टाकायला सोसायटी परवानगी देत नाही तिथे मात्र हेच घ्यावं. बाहेरून इमारतीपर्यंत केबल ओढायची नाही.

लाइट आणि सीसीटीव्ही

फायबरच्या मोडेमला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, म्हणजे छोटा बॅटरीचा डबा, पुरतो. पण डब्यावरचे ८८०० एमएएच हे ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. १० वॉटच्या मोडेमवर अडीच-पावणेतीन तास, त्याहून जास्त सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एअरफायबरच्या बाहेरच्या युनिटला लॅन वायरमधूनच वीज जाते, त्याच्या ॲडॅप्टरचं व्होल्टेज स्टिकरवर वाचल्याशिवाय मिनी यूपीएस घेऊ नका.

गावच्या घरी डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) लावून, तो बाहेरून बघता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट (इथे भोक नव्हे, आत यायची वाट) उघडायचा विचार असेल तर आधी राउटरच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला इंटरनेटचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर एक सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे, पोर्ट उघडणार नाही. मग स्टॅटिक आयपीचे (फक्त तुमच्यासाठीच्या कायमच्या पत्त्याचे) वेगळे पैसे मोजा किंवा क्लाउडवर चालणारा कॅमेरा घ्या. केबलवाला हा पत्ता कधी कधी नुसत्या विनंतीवर बदलून देतो. कॉल सेंटरला हा प्रश्न समजावण्यातच अर्धा तास जातो.